सोळाशे ओळींत हरवू नये म्हणून: पायथनच्या फाइलमध्ये वाट काढायची रीत

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचा बिलिंगचा प्रोग्रॅम गेली काही वर्षं मी सांभाळतो. मूळ कुणी लिहिला हे आता कारखान्यातही कुणाला आठवत नाही. पायथनची एकच फाइल, सोळाशे ओळी. एकदा मालक म्हणाले, "बारा डझनांच्या वर माल उचलला की पाच टक्के सूट द्यायची. उद्यापासून." मी फाइल उघडली, माउसचं चाक फिरवत फिरवत 'एकूण' नावाची मेथड (क्लासच्या आत लिहिलेलं फंक्शन) शोधली, २१२व्या ओळीवर सापडली, दोन ओळी घातल्या आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी बिलं जुन्याच दराने निघाली. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. फाइल भलत्याच फोल्डरमधली तर नाही ना, ते पाहिलं. दीड दिवस गेला. मग कळलं की त्याच क्लासमध्ये १०४०व्या ओळीला आणखी एक 'एकूण' बसलेली आहे. एका क्लासमध्ये एकाच नावाच्या दोन मेथड असल्या तर पायथन हूं की चूं करत नाही, शेवटची धरतो आणि आधीची विसरतो. मी विसरलेलीला सूट शिकवत बसलो होतो.

चूक माझीच. पण माउसचं चाक सोडून एडिटरला, म्हणजे ज्यात कोड लिहितो त्या प्रोग्रॅमला, विचारलं असतं, तर त्याने दोन्ही 'एकूण' एकाखाली एक दाखवल्या असत्या. रविवारी माझ्याकडे तीन-चार मुलं पायथन शिकायला येतात, त्यांना मी आता फंक्शन लिहायच्या आधी फाइलमध्ये फिरायला शिकवतो. तेच इथे लिहितो आहे.

सरावाची फाइल

आधी एक छोटी फाइल बनवा. खाली मी सगळं देवनागरीत लिहिलं आहे, वर्गात मोठ्याने वाचून दाखवावं तसं. संगणकावर टाइप करताना 'क्लास', 'डेफ', 'इफ', 'रिटर्न' हे शब्द आणि आकडे रोमन की-बोर्डवरूनच यायला हवेत.

क्लास चादर:
    दर = ४००
    डेफ किंमत(सेल्फ, नग):
        इफ नग >= १२:
            रिटर्न सेल्फ.दर * नग * ०.९५
        रिटर्न सेल्फ.दर * नग

डेफ बिल(नग):
    च = चादर()
    रिटर्न च.किंमत(नग)

नावांचं म्हणाल तर ती खरोखर देवनागरीत चालतात. २००८ साली पायथन ३ आलं तेव्हापासून 'चादर' हे क्लासचं नाव म्हणून चालतं. तरी मी रोमन नावंच ठेवा म्हणेन. पुढे नावाने शोधायची वेळ येते तेव्हा दर वेळी की-बोर्ड मराठी-इंग्रजी करत बसणं जिवावर येतं.

डावीकडची मोकळी जागा

दुसऱ्या बऱ्याच भाषांत महिरपी कंस असतात, आणि कुठलं फंक्शन कुठे संपलं ते कंस सांगतो. पायथनमध्ये हे काम ओळीच्या आधीची मोकळी जागा करते. एडिटर जे काही दाखवतो त्याचं मूळ याच जागेत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पायथन फाइल वाचताना जवळ आकड्यांची एक चळत ठेवतो. सुरुवातीला चळतीत फक्त ०. आपल्या फाइलची पहिली ओळ डाव्या कडेला चिकटलेली आहे, तेव्हा काही बदल नाही. दुसरी ओळ चार जागा आत. चार हा शून्यापेक्षा मोठा, म्हणून तो चळतीवर चढतो: ०, ४. पायथन मनात नोंदवतो, एक पायरी आत आलो. 'डेफ किंमत' चारवरच आहे, काही घडत नाही. 'इफ'ची ओळ आठवर: ०, ४, ८. त्याखालचं 'रिटर्न' बारावर: ०, ४, ८, १२. पुढचं 'रिटर्न' पुन्हा आठवर आहे, तेव्हा १२ उतरवला, एक पायरी बाहेर. मधली कोरी ओळ पायथन मोजतच नाही. आणि 'डेफ बिल' थेट शून्यावर, म्हणून ८ आणि ४ दोन्ही उतरवले. एकाच ओळीत दोन पायऱ्या बाहेर, म्हणजे मेथडही संपली आणि क्लासही.

उतरताना चळतीत नसलेला आकडा आला तर? समजा 'किंमत'मधलं शेवटचं 'रिटर्न' तुम्ही सहा जागांवर ठेवलंत. बारा उतरवला, आठ उतरवला, पुढे चार. सहा कुठेच नाही. तिथे पायथन अडतो आणि सांगतो, 'अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल'. हा निरोप पाहून मुलं घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की बाहेर येताना तुम्ही अशा पायरीवर पाय ठेवलात जी चढताना नव्हतीच.

यातून एक काम लगेच करून टाका. एडिटरमध्ये टॅब दाबल्यावर चार स्पेस पडतील अशी सेटिंग ठेवा. पायथनच्या लेखनशैलीचे जे नियम पेप ८ या नावाने २००१पासून चालत आले आहेत, तेही चार स्पेसच सांगतात. टॅब आणि स्पेस यांची खिचडी झाली तर डोळ्याला दोन ओळी सारख्या दिसतात, पायथनला दिसत नाहीत, आणि पायथन ३ अशा घोळाला सरळ टॅबएरर देऊन नकार देतो. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरच्या व्ह्यू मेनूत, अपिअरन्सखाली, 'रेंडर व्हाइटस्पेस' आहे. ते चालू केलं की स्पेसच्या जागी बारीक ठिपके आणि टॅबच्या जागी बाण दिसतो. दुसऱ्याची फाइल हातात आली की मी पहिल्यांदा हे चालू करतो.

एडिटरला कळतं म्हणजे काय

एडिटर फाइल तीन तऱ्हांनी वाचतात. कुठलं बटण कुठल्या तऱ्हेवर चालतं हे माहीत असलं की त्याच्यावर किती भरवसा टाकायचा हेही कळतं.

पहिली तऱ्हा ढोबळ. ओळीची सुरुवात 'डेफ' किंवा 'क्लास'ने होते का, किंवा ओळ किती आत आहे, एवढंच बघायचं. जलद आहे, कुठेही चालते, पण भोळी आहे. दुसरी तऱ्हा व्याकरणाची: फाइलचं पूर्ण झाड बनवायचं, क्लासच्या पोटात मेथड, मेथडच्या पोटात 'इफ'. अ‍ॅटम एडिटरसाठी गिटहब या कंपनीत मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ट्री-सिटर नावाचं साधन बनवलं, ते हेच करतं. त्याची खुबी अशी की तुम्ही एक अक्षर टाइप केलंत तर तेवढाच भाग पुन्हा वाचला जातो, आणि कंस अर्धवट असला तरी बाकीचं झाड शाबूत राहतं. अ‍ॅटम २०२२ साली बंद झाला, ट्री-सिटर मात्र निओविम आणि ईमॅक्स २९ या एडिटरांत आज जोरात आहे.

तिसरी तऱ्हा अर्थाची. 'च.किंमत' लिहिलंय, तर 'च' म्हणजे कोण? चादर. मग चादरमधली 'किंमत' दाखव. हे झाडावरून नुसतं दिसत नाही, नावांचा माग काढावा लागतो. ते काम लँग्वेज सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो आणि एडिटर त्याला प्रश्न विचारतो: या फाइलमधली नावं सांग, याची व्याख्या कुठे आहे, हे कुठे कुठे वापरलंय. हे प्रश्न कसे विचारायचे याचा ठराव मायक्रोसॉफ्टने २०१६ साली जाहीर केला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी हे नव्याने लिहावं लागायचं.

आयडलपासून सुरुवात

कॉलेजच्या लॅबमध्ये बहुधा आयडल हा साधा एडिटरच असतो, कारण विंडोजवर तो पायथनबरोबर आपोआप येतो. मुलं त्याला नाकं मुरडतात. पण त्यात तीन चांगल्या गोष्टी आहेत.

सरावाची फाइल उघडून जतन करा आणि ऑल्ट-सी दाबा. मॉड्यूल ब्राउझर उघडेल. त्यात चादर, तिच्या आत किंमत, आणि खाली बिल. नावावर डबल क्लिक केलं की कर्सर त्या ओळीवर. हा ब्राउझर डिस्कवरची फाइल वाचतो, म्हणून आधी जतन करणं विसरू नका, नाहीतर आत्ताच लिहिलेलं फंक्शन त्यात दिसणार नाही आणि तुम्ही आयडलला शिव्या घालाल.

दुसरी गोष्ट ऑप्शन्स मेनूतली 'शो कोड कॉन्टेक्स्ट'. लांबलचक मेथडमध्ये खाली गेलात की तिची 'डेफ'ची ओळ वर निघून जाते आणि आपण कुठे आहोत तेच कळत नाही. हे चालू केलं की ती ओळ, आणि ती ज्या क्लासमध्ये आहे त्याची ओळ, वरच्या पट्टीत थांबून राहते. तिसरी ऑल्ट-जी: ओळीचा आकडा द्या, तिथे जा. एरर आली की पायथन ओळ क्रमांक सांगतोच, तेव्हा हे कामाचं.

पण ओळ क्रमांकाची सवय लावून घेऊ नका. साखर पेठेत घर नंबर सांगून रिक्षावाल्याला काय कळणार? तो विचारणार, "कशाजवळ, ते सांगा की." कोडमध्येही तसंच. वर पाच ओळी घातल्या की २१२चं २१७ होतं, 'एकूण' मात्र 'एकूण'च राहते. (आणि दोन 'एकूण' असल्या तर काय होतं ते वर सांगितलंच.)

व्हीएस कोडमध्ये रोजचं काम

इथे मी जरा सविस्तर सांगतो, कारण नोकरीत बहुतेकांना हाच एडिटर भेटतो. नुसता व्हीएस कोड टाकून भागत नाही, पायथनचं एक्स्टेन्शन घ्या. त्याच्याबरोबर पायलान्स नावाचा लँग्वेज सर्व्हर येतो. तो नसेल तर डावीकडची आउटलाइन, म्हणजे फाइलमधल्या नावांची यादी, रिकामी राहते. घडी घालण्याचे, म्हणजे फंक्शनचा आतला भाग मिटून ठेवण्याचे, बाण तेवढे चालतात, कारण ते मोकळ्या जागेवरून होतं.

आता कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा. फाइलमधल्या नावांची यादी येते, दोन-तीन अक्षरं टाइप केली की गाळून हवं ते उरतं, एंटर मारला की तिथे पोचलात. माझ्या मते नवख्याने एकच शॉर्टकट पाठ करायचा असेल तर हा. उघडलेल्या चौकटीत आधीपासून एक '@' असतो. त्याच्यापुढे विसर्गचिन्ह म्हणजे कोलन टाका, यादी क्लास, मेथड, फंक्शन अशी गटवार होते.

कुठल्या फाइलमध्ये आहे तेच माहीत नसेल तर कंट्रोल-टी. ते सगळ्या प्रोजेक्टभर नाव शोधतं.

मग एफ-१२. 'बिल' फंक्शनमध्ये 'च.किंमत'मधल्या 'किंमत'वर कर्सर ठेवा आणि एफ-१२ दाबा. कर्सर क्लासमधल्या व्याख्येवर उडी मारेल. बऱ्याच लॅपटॉपवर एफ-१२ दाबल्यावर आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होतो, तिथे एफएनची कळ बरोबर धरा. शिफ्ट-एफ-१२ उलटं काम करतं, ही मेथड कुठून कुठून बोलावली जाते ते सांगतं. कुठलीही मेथड बदलण्याआधी हे दाबायची मी आता स्वतःला शिस्त लावली आहे.

उडी मारायला सगळे पटकन शिकतात, परत यायला कुणी शिकवत नाही. रविवारच्या मुलांपैकी एक मुलगी तीन वेळा एफ-१२ दाबून पायथनच्याच आतल्या कुठल्या तरी फाइलमध्ये पोचली आणि म्हणाली, "सर, माझा प्रोग्रॅम गेला." गेला नव्हता. विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण, उबुंटूवर कंट्रोल-ऑल्ट-वजा. जितक्या उड्या मारल्या तितक्या वेळा दाबा, उलट क्रमाने परत याल. सरावाला ही कसरत दहा वेळा करा: बिलमधून किंमतीवर, परत बिलमध्ये.

परकी फाइल वाचायची असेल तर आधी कंट्रोल-के, मग कंट्रोल-० दाबून सगळ्या घड्या घाला. सोळाशे ओळींच्या पंचवीस-तीस होतात आणि घराचा नकाशा दिसतो. मग हवी ती खोली उघडायची. सगळं उलगडायला कंट्रोल-के, कंट्रोल-जे. व्ह्यू, अपिअरन्समधलं 'स्टिकी स्क्रोल' म्हणजे आयडलच्या त्या वरच्या पट्टीचाच थोरला भाऊ.

विम, ईमॅक्स, पायचार्म

सर्व्हरवर शिरून काम करायची वेळ आली तर विमला पर्याय नाही. त्यात उघडा-बंद चौकटी कंसांपैकी बंद होणारा कंस आणि मग एम दाबलं की पुढच्या 'डेफ' किंवा 'क्लास'वर जाता येतं, उघडणारा कंस आणि एम म्हणजे मागच्यावर. तोच बंद कंस दोनदा दाबला तर फक्त डाव्या कडेला चिकटलेल्यांवर, म्हणजे क्लासच्या पोटातल्या मेथड वगळून. परत यायला कंट्रोल-ओ. ईमॅक्समध्ये कंट्रोल-ऑल्ट-ए फंक्शनच्या सुरुवातीला नेतं, कंट्रोल-ऑल्ट-ई शेवटाला. पायचार्म वापरत असाल तर कंट्रोल-एफ-१२ने फाइलची रचना दिसते आणि कंट्रोल-बीने व्याख्येवर जाता येतं. तिथे यापुढचं तुमचं तुम्हाला सापडेल.

एडिटर कुठे फसतो

विमच्या त्या उड्या पहिल्या, भोळ्या तऱ्हेच्या आहेत. कारखान्याच्या फाइलमध्ये एका मेथडच्या सुरुवातीला तिहेरी अवतरणात इंग्रजी टीप होती आणि तिची एक ओळ सुरू होत होती 'क्लास ए टॉवेल्स' अशी. म्हणजे अव्वल दर्जाचे टॉवेल. विम दर वेळी तिथे थांबायचा, त्याला वाटायचं नवा क्लास सुरू झाला. व्याकरणाचं झाड बनवणारा एडिटर असा फसत नाही, कारण तो मजकूर अवतरणाच्या आत आहे हे त्याला ठाऊक असतं.

घड्यांचंही तसंच. मेथडच्या मधोमध कुणी डाव्या कडेला चिकटवून टिपणीची ओळ लिहिली तर पायथनला फरक पडत नाही, टिपण्या तो चळतीत धरतच नाही. पण नुसती मोकळी जागा मोजून घातलेली घडी तिथे तुटते. विम याला अपवाद, तो '#'ने सुरू होणाऱ्या ओळी मोजत नाही. डेटाबेसचा लांब प्रश्न तिहेरी अवतरणात डाव्या कडेपासून लिहिला, की हाच प्रकार होतो. घडी विचित्र ठिकाणी तुटली तर आधी हे दोन संशयित बघा.

अर्थाच्या तऱ्हेलाही मर्यादा आहेत. पायथनमध्ये फंक्शनला काय दिलं जाणार हे प्रोग्रॅम चालल्यावरच ठरतं. आपल्या फाइलमध्ये 'च = चादर()' अगदी वरच्याच ओळीला आहे म्हणून एफ-१२ नेमकं गेलं. त्याऐवजी 'डेफ बिल(वस्तू, नग)' असं लिहून 'वस्तू.किंमत' बोलावलं, तर वस्तू चादर आहे की टॉवेल हे लँग्वेज सर्व्हरने कसं ओळखावं? एफ-१२ नुसतं 'नो डेफिनिशन फाउंड' म्हणून गप्प बसतं. उपाय सोपा आहे: 'वस्तू'पुढे कोलन देऊन 'चादर' लिहा. प्रकार सांगायची ही रीत २०१५ साली पायथन ३.५मध्ये पक्की झाली. पायथन चालताना तो प्रकार तपासत नाही, पण एडिटरला वाट सापडते.

हे सगळं मालकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या जॅकार्डच्या कार्डांसारखंच दिसतंय की हे." मी हो म्हणालो, पण पूर्ण पटलं नव्हतं. मागावर नक्षी विणायला लावलेली ती भोकांची कार्डं ओवलेल्या क्रमानेच येतात, एकामागून एक. प्रोग्रॅममध्ये १४००वी ओळ आधी चालते आणि ती ३००व्या ओळीवरच्या मेथडला हाक मारते. लिहिण्याचा क्रम आणि चालण्याचा क्रम वेगळा, म्हणूनच वरून खाली वाचत जाण्याने हाती फारसं लागत नाही.

त्या दोन 'एकूण'

सरावाच्या फाइलमध्ये मुद्दाम चादर क्लासच्या शेवटी आणखी एक 'किंमत' लिहा, वेगळं काहीतरी परत देणारी. चालवून बघा, शेवटचीच चालेल. आता आउटलाइनच्या डोक्यावरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून नावाप्रमाणे लावा. दोन्ही 'किंमत' शेजारी शेजारी येतील. शिवाय पायफ्लेक्स हे छोटं साधन पिपने (पायथनची साधनं बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) बसवून फाइलवर चालवा. एकच नाव दुसऱ्यांदा बांधलं गेलंय आणि आधीचं कितव्या ओळीवर होतं, ते दोन्ही सांगतं.

कारखान्याच्या फाइलवर मी पायफ्लेक्स चालवला तेव्हा 'एकूण'बरोबर आणखी चार जोड्या निघाल्या. त्यातली एक 'हमाली'ची होती. तिची जुनी मेथड वाचून मालक बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा दर बरोबर होता. हा कुणी बंद केला?"